खुर्ची आहे, बसायचं नाही

या रील्सचा साचा आता पाठ झालाय. पहिल्या दोन सेकंदांत राखाडी काँक्रीटच्या तीन-चार पायऱ्या, बंद दार, कोपऱ्यात वाळका पाचोळा. झाडू फिरतो. कट. दारासमोर चौकटी-चौकटीचा गालिचा पडतो, त्यावर काथ्याचं पायपुसणं. कट. दाराच्या दोन्ही बाजूंना कुंड्या, त्यांत स्प्रूसच्या डहाळ्या, पांढऱ्या सालीचे बर्चचे ओंडके, डॉगवुडच्या लाल काड्या. दारावर हिरव्या पानांचं गोल कडं, म्हणजे रीथ. पायऱ्यांवर उतरत्या उंचीचे तीन कंदील. भिंतीला टेकवलेली जुनी लाकडी स्लेड आणि तिला लटकवलेले बर्फावरचे स्केट्स. सगळ्यात शेवटी खुर्ची. खुर्चीवर उशी, उशीवर ब्लँकेट, आणि ते ब्लँकेट असं टाकलेलं की कुणीतरी आत्ताच उठून आत कॉफी आणायला गेलंय. संध्याकाळ होते, दिवे लागतात, अक्षरं उमटतात: 'कोझी विंटर पोर्च'. मागे पियानो.

नोव्हेंबर लागला की माझ्या फोनवर दिवसाला अशी दहा-बारा तरी येतात. तुमच्याही येत असतील, कारण अल्गोरिदमला पुण्यातला आणि पेनसिल्व्हेनियातला हिवाळा वेगळा कळत नाही. मी मात्र न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या टोकाला, रॉचेस्टरमध्ये राहते. न्यूयॉर्क म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतं ते शहर इथून गाडीने पाच-सहा तासांवर. इथे लेक ओंटारिओवरून येणारा बर्फ असतो, एका हिवाळ्यात सरासरी शंभर इंचांच्या आसपास, आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येक जुन्या लाकडी घराला पोर्च आहे. त्यामुळे रील बघून झालं की खिडकीतून त्याचीच खरी आवृत्ती बघायची सोय आहे. हा माझा पाचवा हिवाळा. या पाच हिवाळ्यांत, डिसेंबर ते मार्च, त्या खुर्च्यांवर बसलेलं माणूस मला एकदाही दिसलेलं नाही.

माझी तक्रार एवढ्यावरच असती तर ती करण्यात अर्थ नव्हता. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या पाटावरही कुणी जेवायला बसत नाही. पण हे रील सजावट दाखवतंय असं म्हणत नाही. ते 'या, बसा' असं म्हणतं. आणि ते कुणाला म्हणतं, हा प्रश्न मला या साऱ्या प्रकारातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मुळात पोर्च ही उन्हाळ्याची सोय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या हडसन खोऱ्यातल्या बागाईततज्ज्ञाने घरांच्या नमुन्यांची पुस्तकं काढली. त्यांतलं १८५०चं 'द आर्किटेक्चर ऑफ कंट्री हाउसेस' फार गाजलं. सावलीचा व्हरांडा हा अमेरिकन घराला हवाच, असं त्याचं म्हणणं, कारण इथला उन्हाळा इंग्लंडसारखा नाही. (व्हरांडा हा शब्द इंग्रजीत भारतातून गेला, तो मुळात पोर्तुगीज की इथलाच, यावर कोशकार अजून भांडतात.) दक्षिणेतल्या पोर्चचा धागा अभ्यासक आणखी एकीकडे जोडतात: गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी माणसांनी कॅरिबियन बेटांमार्गे सोबत आणलेली घर बांधायची रीत. कुठूनही आलेला असो, काम एकच. आत उकडतंय, बाहेर येऊन बसा. बसलात की रस्ता दिसतो, रस्त्याला तुम्ही दिसता, आणि बोलणं सुरू होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर एअर कंडिशनर आला, टीव्ही आला, घराला चिकटून गॅरेज आलं. माणूस गाडीतून थेट स्वयंपाकघरात पोचायला लागला. १९७५मध्ये रिचर्ड थॉमस यांनी 'फ्रॉम पोर्च टू पॅटिओ' नावाचा निबंध लिहिला. अमेरिकन कुटुंबाची बसण्याची जागा घराच्या पुढून उठून मागच्या अंगणात कशी गेली, याची ती गोष्ट आहे. त्यानंतर गंमत झाली. बसणं परत आलं नाही, पण पोर्च परत आला. सेन्सस ब्यूरोच्या आकड्यांप्रमाणे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या घरांपैकी सुमारे ४२ टक्के घरांना पोर्च होता. २०१०च्या दशकाच्या मध्यावर हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलं. फ्लोरिडातलं सीसाइड हे गाव १९८०च्या दशकात आखलं गेलं तेव्हा घराला पुढे पोर्च असलाच पाहिजे असा तिथे नियमच केला होता. शेजारी एकमेकांशी बोलावेत म्हणून. पुढे एका खोट्या, कॅमेऱ्यांनी भरलेल्या गावाची गोष्ट सांगणारा 'द ट्रुमन शो' (१९९८) चित्रित करायला हॉलिवूडने तेच गाव निवडलं. सेट वेगळा उभारायची फारशी गरजच पडली नसावी.

म्हणजे हिवाळी पोर्च सजवणं हा उन्हाळ्याच्या जागेला हिवाळ्याचे कपडे घालण्याचा प्रकार आहे. ते कपडे मात्र नीट बघण्यासारखे आहेत. लाल-काळ्या मोठ्या चौकटींचं ते कापड, बफेलो चेक, पेनसिल्व्हेनियातल्या वूलरिचच्या गिरणीमुळे ओळखीचं झालं, आणि ते थंडीत लाकूड तोडणाऱ्या माणसांच्या अंगावर असायचं. स्लेड पोरांची आणि सामानाची. काही पोर्चवर दुधाची जुनी पत्र्याची बरणी असते, ती गवळ्याची. ओंडके जाळायचे असतात. इथे ते कुंडीत उभे करतात. ज्यांनी कुणी या वस्तू वापरल्या ती माणसं गेली, त्यांचे घामाचे डाग गेले, आणि वस्तू तेवढ्या धुऊन-पुसून दारात आल्या. हे ओळखायला आपल्याला अमेरिकेत यायची गरज नाही. मुळशीच्या रस्त्यावरच्या कुठल्याही 'गावरान' रिसॉर्टच्या दारात जातं, बैलगाडीचं चाक आणि पितळी घंगाळ मांडून ठेवलेलं दिसेल. जात्यावर बसलेली बाई तेवढी दिसणार नाही.

पायपुसणं त्यातल्या त्यात प्रामाणिक. ते काथ्याचं असतं आणि बऱ्याचदा केरळातून आलेलं असतं. अलप्पुळातला काथ्याच्या चटयांचा पहिला कारखाना १८५९मध्ये काढला तो जेम्स डॅरा या आयरिश वंशाच्या अमेरिकन माणसाने. म्हणजे खाडीच्या पाण्यात कुजवून, कुटून, वळून केलेला नारळाचा धागा गेली दीडशेच्या वर वर्षं परदेशी बूट पुसतोय. आजही पोर्चवरची हीच एक वस्तू रोज तिचं काम करते. रीलमध्ये मात्र तिच्यावर पाऊल पडलेलं कधी दाखवत नाहीत, कारण पाऊल पडलं की मिठाचे पांढरे डाग येतात.

मीठ! हिवाळ्यातल्या खऱ्या पोर्चवर सगळ्यात जास्त काय असेल तर मीठ. पायऱ्यांवर बर्फ घट्ट होऊन कुणी घसरून पडू नये म्हणून टाकलेलं जाड मीठ, त्याची बादली, बर्फ ओढायचं रुंद फावडं, चिखल-बर्फाने भरलेल्या बुटांसाठी प्लास्टिकचा ट्रे. आपल्या लोकांच्या घरी यात आणखी एक भर: शनिवारच्या पार्टीत उरलेल्या छोल्यांचं पातेलं, वर जड झाकण, झाकणावर वीट. फ्रिजमध्ये जागा नाही आणि बाहेर उणे सात, मग देवाने दिलेला फ्रिज का सोडा? हे पातेलं मी इतक्या मराठी आणि तेलुगू घरांबाहेर पाहिलंय की हिवाळी पोर्चची खरी देशी सजावट तीच म्हणायला हरकत नाही.

रीलमधल्या रंगांबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे गोष्ट आवडीनिवडीवरून वर्गावर जाते. गेल्या काही वर्षांत सल्ला असा असतो: ख्रिसमस नको, विंटर करा. सांता, लाल रिबिनी, रंगीत माळा काढा. पांढरा, हिरवा, लाकडी आणि बदामी ठेवा, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत चालेल. सल्ला काटकसरीचा वाटतो. त्याच्या पोटात मात्र एक नापसंती दडलेली आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एका घरासमोर हवा भरलेला दहा फुटी स्नोमॅन, दोन पेंग्विन आणि का कोण जाणे, सांताची टोपी घातलेला डायनासोर असतो. दिवसा पंखा बंद असतो तेव्हा सगळे हिरवळीवर पालथे पडलेले असतात, रात्री मोठा दंगा झाल्यासारखे. सहा वाजता पंखा सुरू झाला की हळूहळू उठतात. ते बघायला गल्लीतली पोरं बापाचा हात ओढत येतात. अभिरुचीच्या परीक्षेत हे घर नापास आहे, आणि रस्त्यावरच्या माणसाशी बोलणारं घर या गल्लीत तेवढंच आहे. बदामी पोर्च बघून कुठलंही पोर थांबलेलं मी पाहिलेलं नाही. बदामी पोर्च मोठ्यांशी बोलतो, आणि तेही घराची किंमत सांगायला.

'कोझी'ला मराठीत आपण 'ऊबदार' म्हणतो. पण ऊब कळते ती कातडीला. आजीच्या गोधडीत शिरल्यावर कळते, शेकोटीकडे तळवे केल्यावर कळते. कोझी हे बघूनच कळावं लागतं. २०१६च्या सुमारास डॅनिश लोकांचा 'हुग्ग' हा शब्द जगभर विकायला निघाला तेव्हापासून हे जोरात आहे: मेणबत्ती, लोकरी मोजे, मग. डेन्मार्कमध्ये त्या शब्दाला चार माणसं एकत्र बसणं लागतं. पुस्तकांच्या कव्हरांवर येताना चार माणसं गळाली आणि मोजे उरले. पोर्चच्या रीलमध्ये ती गळती पूर्ण होते. ब्लँकेट आहे, ज्याला थंडी वाजावी असं कुणी नाही. कंदील आहे, आत बॅटरीवरची मेणबत्ती आहे, तिला टायमर आहे: सहा तास चालू, अठरा तास बंद. घरात कुणी असो-नसो.

हा टायमर आला की मला 'होम अलोन' (१९९०) आठवतो. तुम्ही तो शंभरदा पाहिला असेल, पण एक जागा पुन्हा बघा. हॅरी आणि मार्व्ह हे दोघे चोर संध्याकाळी गाडीत बसलेत, आणि हॅरी सांगतो, आता या घराचे दिवे लागतील, आता त्या. बरोब्बर लागतात. सुट्टीवर गेलेल्या लोकांनी दिवे टायमरवर लावलेत हे त्याला माहीत आहे. आपण घरी आहोत असं दाखवायला लावलेला दिवा चोराला सांगतो की घरी कुणी नाही. मग केव्हिन काय करतो? दुकानातल्यासारखे पुतळे दोऱ्यांनी नाचवतो, मायकल जॉर्डनचं पुठ्ठ्याचं चित्र खेळण्यातल्या आगगाडीवर फिरवतो, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, आत केवढी मैफल चालली आहे! आत एक आठ वर्षांचं एकटं पोर असतं. कोझी पोर्चवरची इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे पाहिलेली नाही, आणि ती एका विनोदी सिनेमात, सहज जाता जाता केलेली आहे.

पण त्या सिनेमात दार ठोठावणारे खरोखरच चोर आहेत. बाहेरच्या जगात नेहमी तसं नसतं. २०१३च्या नोव्हेंबरात, मिशिगनमधल्या डिअरबॉर्न हाइट्स इथे, पहाटेच्या अंधारात एकोणीस वर्षांची एक काळी मुलगी एका अनोळखी घराच्या पोर्चवर चढली. काही तासांपूर्वी तिच्या गाडीला अपघात झाला होता. तिने दार वाजवलं. आतल्या माणसाने जाळीच्या दारातून बंदूक झाडली. ती त्या पोर्चवरच मेली. पुढच्या वर्षी ज्युरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवलं. इथल्या तपकिरी कातडीच्या माणसाला हे माहीत असतं. तीन कंदील, रीथ, पायपुसण्यावर 'वेलकम' आणि बेलच्या जागी कॅमेरा असं दार समोर आलं की मी त्या शब्दाकडे बघत नाही. बेल वाजवते, दोन पायऱ्या खाली उतरते आणि कॅमेऱ्याला दोन्ही हात दिसतील अशी उभी राहते. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

इथे 'आमचा ओटा बघा' म्हणायचा मोह होतो. पारावरच्या गप्पा, ओसरीवरचा झोपाळा, आल्यागेल्याला गूळ-पाणी. मला तो मोह फार टिकवता येत नाही. कोकणातल्या घरात ओटीवर कुणी बसायचं, पडवीपर्यंत कुणी यायचं आणि अंगणातूनच कुणी परत जायचं, हे जातीने ठरलेलं होतं. गूळ-पाणी सगळ्यांना एकाच भांड्यातून नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेतही गोऱ्यांच्या घरी काळ्या माणसाने पुढच्या पोर्चवरून नाही, मागच्या दाराने यायचं होतं. म्हणूनच झोरा नील हर्स्टनच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) या कादंबरीतला पोर्च मला इतका महत्त्वाचा वाटतो. तो काळ्या माणसांच्या स्वतःच्या गावातला, दुकानापुढचा पोर्च आहे. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबलेली माणसं संध्याकाळी तिथे बसतात आणि बोलू लागतात, थापा मारतात, निवाडे करतात. आणि तिथेही, दुकान चालवणाऱ्या जेनीला तिचा नवरा त्या गप्पांत बसू देत नाही. हर्स्टनला पोर्च प्रिय होता, पण तिने तो गोड केला नाही. त्यावर कुणाला बसू देत नाहीत हे तिने लिहिलं. रीलमधला पोर्च रिकामा ठेवून हा प्रश्नच मिटवलेला असतो. कुणीच बसलेलं नाही, म्हणजे कुणाला उठवलंही नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या पलीकडच्या घरात एक बाई राहतात. साठीच्या आसपासच्या, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या, एकट्या. त्यांचा पोर्च नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तयार असतो, अगदी साच्यातला: कुंड्या, कंदील, खुर्ची, ब्लँकेट. एकदा दोघी आपापल्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढत होतो तेव्हा मी विचारलं, एवढं सगळं कुणासाठी करता? त्यांना प्रश्न आगाऊ वाटला नाही. म्हणाल्या, "माझ्यासाठी. सकाळी साडेसातला गाडी वळवते तेव्हा ते चालू असतं. रात्री कुणीतरी गेलेलं असतं, कधी कधी दोघं. मला अंधाऱ्या घरात शिरायचं नसतं." त्यांच्या मेणबत्त्यांचा टायमर रात्री दीडला सुरू होतो. गल्लीला दिसावा म्हणून लावलेला दिवा रात्री दीडला कोण सुरू करेल?

आपल्या घरी येणारी पाहुणी आपणच, हे रीलमध्ये मी कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे माझी तक्रार मागे जात नाही, पण तिची वाटणी करावी लागते. खुर्ची आणि ब्लँकेट मी अजूनही माफ करत नाही. बाईंनाही ते सांगितलं, त्या हसल्या, म्हणाल्या की ब्लँकेट प्लास्टिकच्या धाग्याचं आहे, भिजलं तरी बिघडत नाही. दिवा मात्र खरा. साडेचारला रात्र होते अशा ठिकाणी दारातला दिवा हा शोभेचा भाग नसतो. पायरी कुठे संपते ते दिसतं, मीठ टाकलंय की नाही ते दिसतं, आत जाणाऱ्याचा पाय मोडत नाही. दिवाळीला लावलेला आकाशकंदील इथली मराठी घरं जानेवारीपर्यंत उतरवत नाहीत, त्यालाही आळसापेक्षा हेच कारण असावं. बर्फात तो कंदील फार चांगला दिसतो, हेही आहेच. रंगीत कागदाचा मात्र आणू नका, दोन दिवसांत लगदा होतो.

आणि एक टोपली. डिसेंबरात काही घरांच्या पोर्चवर, रीथच्या बरोब्बर खाली, वेताची टोपली असते. तिच्यात चिप्सची पाकिटं, ग्रॅनोला बार, पाण्याच्या बाटल्या, कधी हातांत धरायच्या गरम पुड्या, आणि एक पाटी: पार्सल आणणाऱ्यांसाठी, हवं ते घ्या. हिवाळ्यात या पोर्चवर रोज येणारं माणूस एवढंच असतं. अंधारात, घसरत्या पायऱ्या चढून, खोका ठेवून, त्याचा फोटो काढून ते धावत गाडीकडे जातं. सजावटीच्या रील्समध्ये खोका कधी दिसत नाही, फ्रेम बिघडते म्हणून. कंदील, कुंडी, गालिचा हे सगळं बहुतेक त्याच माणसाने उचलून आणून ठेवलेलं असतं.

बाईंच्या टोपलीतून आधी गरम पुड्या संपतात, मग खारवलेले शेंगदाणे. ग्रॅनोला बार कुणी घेत नाही. या वर्षी त्यांनी मला विचारून त्यात चिक्की ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात चार वड्या गेल्या.